नांगीला उपांग म्हणताना

निवडणूक जवळ आली की मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांत ‘लांगूलचालन’ हा शब्द डोकं वर काढतो. अमुक पक्ष तमुक समाजाचं लांगूलचालन करतो, असं अग्रलेखात छापून येतं आणि वाचणाऱ्याला रोख बरोबर कळतो. शब्दाची फोड मात्र फारसं कुणी करत बसत नाही. लांगूल म्हणजे शेपूट, लांगूलचालन म्हणजे शेपूट हलवणं. भर्तृहरीच्या नीतिशतकात एक श्लोक आहे. घास टाकणाऱ्यासमोर कुत्रा काय काय करतो याचं त्यात वर्णन आहे, आणि त्याचा पहिलाच शब्द हा आहे. मराठी राजकारणाने तो कुत्र्याकडून घेऊन पक्षांना दिला.

हाच लांगूल या शहरात रोज सकाळी आणखी एका ठिकाणी ऐकू येतो, पण तिथे तो ओळखू येत नाही. मासळीबाजारात चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, टोपलीपुढे उभं राहिलेलं जाणतं गिऱ्हाईक आधी नांग्या बघतं. नांग्या भरलेल्या असतील तर भाव सांगितला जातो त्यात घासाघीस कमी होते. एखादी नांगी तुटलेली असेल तर तेच बोट दाखवून पैसे कमी करायला सांगितले जातात. घरी आल्यावर बारीक पाय वाटून, गाळून त्यांचा रस कालवणात जातो, पण नांग्या अख्ख्या. त्या कुणाच्या ताटात पडल्या यावरून घरातला मान ठरतो. या नांगीची व्युत्पत्ती लांगूलपाशीच नेली जाते.

ल चा न कसा झाला, याला जुना साक्षीदार आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात एक सूत्र फक्त तीन शब्दांसाठी आहे: लाहल, लांगल आणि लांगूल. या तिघांच्या सुरुवातीच्या ल चा विकल्पाने ण होतो, एवढंच ते सूत्र सांगतं. लांगल म्हणजे शेत नांगरायचं अवजार, त्याचा आपल्याकडे नांगर झाला. पालीत तर शेपटीला नंगुट्ठ असा शब्द आहे. मराठीला ल आणि न यांची अदलाबदल करायची खोडच आहे म्हणा ना. नवनीताचं लोणी केलं, निंबाचा लिंब केला. तेव्हा लांगूल आणि नांगी एकाच घरातले. एक संस्कृत ग्रंथांतून थेट अग्रलेखात आला, आणि दुसरी प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडून, शतकानुशतकं वापरात राहून, बाजारात पोचली.

पण शेपूट म्हणणारा शब्द खेकड्याच्या पुढच्या चिमट्यांना कसा चिकटला? मला वाटतं, दुवा विंचवाचा आहे. विंचवाची नांगी त्याच्या मागच्या टोकाला असते, म्हणजे शेपूट हा अर्थ तिथे सरळ लागतो. नांगी मारणारं ते शेपूट, म्हणून नांगी म्हणजे दुखवणारा अवयव, आणि मग ज्याने खेकडा दुखवतो तीही नांगी. अर्थ जागेवरून कामावर सरकला. खेकड्याला स्वतःचं शेपूट आहेच, पण ते पोटाखाली दुमडून घट्ट दाबलेलं असतं. चिंबोरी उलटी करून नर की मादी हे ज्यावरून ओळखतात ती पोटावरची झडप म्हणजे खेकड्याचं शेपूट. नराची निमुळती, मादीची रुंद. गंमत अशी की ज्याला शेपटाचं नाव मिळालं ते शेपूट नाही, आणि जे शेपूट आहे त्याला कुणी नांगी म्हणत नाही.

‘नांगी टाकणे’ हा वाक्प्रचारही त्यामुळे विंचवाचा मानावा असं माझं मत आहे. उगारलेली शेपटी खाली आणली की विंचवाची लढाई संपली. खेकड्याच्या बाबतीत हाच वाक्प्रचार अक्षरशः खरा आहे, पण अर्थ उलटा होतो. शत्रूने नांगी पकडली तर खेकडा ती ठरलेल्या सांध्यापाशी स्वतःच तोडून टाकतो आणि निसटतो. पुढे कात टाकताना ती पुन्हा फुटते, आधी लहान, मग मोठी. म्हणजे खेकड्याने नांगी टाकली तर तो हरला नाही, वाचला. मराठी माणसाला खेकड्याची उपमा देऊन पाय ओढण्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी खेकड्याचा हा गुणही कधीतरी सांगावा.

आता मुद्द्यावर येतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ आहे. संधिपाद, परापाद, नलिकापाद, शुंडक, असे शब्द त्यात मुलांना भेटतात. जीवशास्त्राच्या मराठी लेखनात याच्याबरोबर उपांग, म्हणजे शरीराला जोडलेला अवयव, आणि शृंगिका हेही असतात. शृंगिका म्हणजे कीटकाच्या किंवा कोळंबीच्या डोक्यावरचे ते लांब धागे, ज्यांना या शहरातलं कुठलंही पोर मिशा म्हणतं. झुरळाच्या मिशा, कोळंबीच्या मिशा. माझं म्हणणं एवढंच आहे की प्राण्यांच्या ज्या अवयवाला बाजारात, शेतात, घरात मराठी नाव आहे त्याला विज्ञानाच्या पुस्तकातही तेच नाव असावं. नवा शब्द घडवायचा तो जिथे नाव नाही तिथे. हे ऐकायला साधं वाटतं, पण आपल्या परिभाषेने साठ वर्षं बहुतेक वेळा उलटं केलं आहे.

शब्दांकडे नीट बघा. शृंग म्हणजे शिंग. शृंगाचंच शिंग झालं. शुंडा म्हणजे सोंड, शुंडाचीच सोंड झाली. पाद म्हणजे पाय. म्हणजे परिभाषा करणाऱ्यांनी मराठीत घरंगळत आलेला शब्द उचलला, त्याला मागे नेऊन आंघोळ घातली, इस्त्री केली आणि वर्गात बसवला. त्यात परकं काही नाही, हे मान्य. पण मुलासाठी हा शब्द तितकाच परका आहे जितका ‘अँटेना’, आणि अँटेना निदान ते ऐकून असतं.

या लोकांना दोष देण्याआधी त्यांच्यापुढचं काम बघायला हवं. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी मुंबईत भाषा संचालनालय सुरू झालं. राज्यकारभार मराठीत आणायचा होता, पुढे उच्च शिक्षण आणायचं होतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली वाईला विश्वकोशाचं काम सुरू झालं. हजारो इंग्रजी संज्ञांना काही वर्षांत मराठी प्रतिशब्द द्यायचे होते. त्या वेळी कुणी ससून डॉकच्या मासळीधक्क्यावर वही घेऊन बसावं आणि कोळणीला कोळंबीच्या पायांची नावं विचारावी, ही अपेक्षा करणं सोपं आहे, करणं कठीण. संस्कृतात धातू आहेत, उपसर्ग आहेत, प्रत्यय आहेत, टेबलावर बसून शब्द पाडता येतात. ते पाडले गेले. त्यांपैकी कित्येक चांगले आहेत. संधिपाद हा शब्दच घ्या. ग्रीकातल्या ‘सांधा’ आणि ‘पाय’ या दोन शब्दांपासून बनलेल्या आर्थ्रोपोडाचं ते नेमकं रूप आहे, आणि ते कळायला मुलाला फार कष्ट पडत नाहीत.

अडचण अशी की घाई संपली तरी सवय राहिली. आणि सवयीला पुढे एक तत्त्व चिकटलं, की शास्त्राचा शब्द रोजच्या वापरातला नसावा, कारण रोजच्या शब्दाला नेमकेपणा नसतो. नांगी विंचवाची पण आणि खेकड्याची पण, विंचवाची मागे आणि खेकड्याची पुढे, मग शास्त्राने असला ढिला शब्द कसा वापरायचा? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो.

इंग्रजी जीवशास्त्रातला अँटेना हा शब्द किती नेमका आहे ते पाहू. ॲरिस्टॉटलने कीटकांच्या या अवयवाला ग्रीक भाषेत शिंगं म्हटलं. त्याने वापरलेल्या शब्दाचा दुसरा अर्थ होता जहाजाच्या डोलकाठीवर आडवी बांधलेली शिडाची काठी. पंधराव्या शतकात थिओडोरस गाझा या पंडिताने ॲरिस्टॉटलचे प्राण्यांवरचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ते भाषांतर १४७६ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं. गाझाने तिथे लॅटिन शब्द घातला अँटेना, म्हणजे शिडाची काठी. तेव्हापासून जगभरचे जीवशास्त्रज्ञ झुरळाच्या डोक्यावर शिडाची काठी पाहत आले आहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चाळींच्या, इमारतींच्या गच्च्यांवर तोच शब्द उभा राहिला. त्याला शृंगिका म्हणावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, हे बरंच झालं.

तर झुरळाच्या डोक्यावर शिंग नाही, मिशी नाही, शिडाची काठीही नाही. तिन्ही शब्द दुसरीकडून आणलेले आहेत. नेमकेपणा शब्दाच्या पोटात नसतो, तो व्याख्येने येतो. भौतिकशास्त्रात आपण ‘दाब’ म्हणतो. दाबणे या अगदी घरगुती क्रियापदातून आलेला हा शब्द. एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारं बल, अशी व्याख्या शिकवली की आठवीतलं मूल त्यावर गणितं सोडवतं. पाय दाबून देणं आणि वातावरणाचा दाब यांत कुणाचा गोंधळ होत नाही. ‘वजन’ हा तर अरबीतून आलेला बाजारचा शब्द, त्यालाही पुस्तकात जागा मिळाली. मग दाबाला जे जमलं ते नांगीला का जमू नये? खेकड्याच्या पहिल्या पायांची चिमट्यासारखी टोकं म्हणजे नांगी, आणि विंचवाच्या शेपटीचं विषारी टोक म्हणजे डंखनांगी, असं दोन ओळींत लिहिता येतं. मुलं त्यातून एक गोष्ट जास्त शिकतील: एकच नाव असलेले दोन अवयव शरीरात वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या रीतीने उगवू शकतात. विंचवाच्या पुढचे चिमटे आणि खेकड्याचे चिमटेसुद्धा दिसायला सारखे असले तरी एकाच जोडीचे अवयव नाहीत. खेकड्याचे चिमटे म्हणजे त्याच्या पाच पायजोड्यांतली पहिली जोडी. विंचवाला चालायला चार जोड्या आहेत, चिमटे त्याहून वेगळे, तोंडाजवळच्या जोडीपासून झालेले. हा धडा संस्कृत शब्दाने आपोआप शिकवला जात नाही.

उरणच्या बाजूला, माहीमला, ठाणे खाडीच्या काठाला चिखलावर ओहोटीच्या वेळी बारीक खेकडे दिसतात. नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी जवळजवळ अंगाएवढी. ती मोठी नांगी तो सतत वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, चिखल खायच्या कामाच्या. नांगी आणि लांगूल एकाच शब्दाची रूपं असतील तर हा खेकडा जे करतो त्याला लांगूलचालन म्हणायला व्याकरणाची हरकत नसावी. अग्रलेखवाल्यांनी ओहोटीला एकदा जाऊन यावं.

इथे माझ्या बाजूचा एक उत्साही वाचक म्हणेल, मग उपांग हा शब्दच काढून टाका. ते मला मान्य नाही. उपांग हवाच. अंगाला जोडलेलं दुय्यम अंग, अशी त्याची फोड. ‘सांगोपांग चर्चा’ म्हणताना आपण अंग आणि उपांग दोन्ही उच्चारतोच. जैनांच्या आगमांत अंगग्रंथांखालोखाल बारा उपांगं आहेत, म्हणजे शब्द जुना आणि कसलेला आहे. आणि विज्ञानात त्याचं काम खरोखर वेगळं आहे. एक कोळंबी घ्या आणि सोलायच्या आधी नीट उलटी करून बघा. डोक्यावर मिशांच्या दोन जोड्या, तोंडापाशी जबड्यांची बारीक गर्दी, मग चालायचे पाय, पोटाखाली पोहायचे पाय, शेवटी शेपटीच्या पंख्याची दोन्हीकडची पाती. सगळे मिळून एकोणीस जोड्या. बाजारात यांतल्या चार-पाचांना नावं आहेत, बाकी सगळ्यांचं नाव ‘साफ करून टाका’. पण जीवशास्त्र जे सांगतं ते थक्क करणारं आहे: मिशी, जबडा, नांगी, पाय आणि शेपटीचं पातं ही सगळी मुळात एकाच प्रकारच्या अवयवाची रूपं आहेत. शरीराच्या प्रत्येक खंडाला एक जोडी, आणि गरजेप्रमाणे तिला वेगळा आकार. फळमाशीत एक जनुक चुकीच्या जागी चालू झालं तर डोक्यावर मिशीच्या जागी चक्क पाय उगवतो. या सर्वांना मिळून एक शब्द पाहिजे, आणि बाजाराला त्याची गरज कधी पडली नाही, म्हणून त्याने तो घडवला नाही. इथे संस्कृताकडे जाणं हाच शहाणपणा. उपांग हे वरचं नाव, त्याखाली मिशी, नांगी, पाय.

फळमाशीवरून आठवलं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी फळमाशीला वास आणि चव कशी कळते यावर काम केलं. माशीला वास येतो तो मुख्यतः या मिशांनी. तिथून ससून डॉक काही फार लांब नाही, जिथे कोळंबीच्या मिशा ढिगाने तुटून पडतात. एकाच बेटाच्या टोकाला एका जागी तो अवयव जागतिक दर्जाच्या संशोधनाचा विषय, दुसऱ्या जागी कचरा, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांनी त्याला एकाच नावाने ओळखावं यात विज्ञानाचं काहीही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप बोलींचा. नांगी मुंबईत, पण तळकोकणात जा, कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, डेंगे म्हणतील. सह्याद्रीच्या पलीकडे आणखी काही. मग पुस्तकात कुठला शब्द छापायचा? मुंबईची दादागिरी इथेही का? प्रश्न योग्य आहे, उत्तर सोपं आहे. एक शब्द पाठात, बाकीचे समासात. शिक्षकाने वर्गात विचारावं, तुमच्या घरी याला काय म्हणतात. मुंबईच्या महापालिका शाळेत एका वर्गात मालवणी, आगरी, कोळी, घाटावरची आणि खानदेशी मुलं शेजारी बसतात, तिथे फळा भरून जाईल. परीक्षेत कुठलाही शब्द लिहिला तरी गुण द्यावेत. पुस्तकाने एकच संस्कृत शब्द दिला म्हणून सर्वांना समान न्याय मिळतो, असं म्हणणं म्हणजे सगळ्यांचं सारखंच नुकसान केलं म्हणून समाधान मानणं.

नावाच्या एकवाक्यतेसाठी विज्ञानाकडे वेगळी सोय आहेच, लॅटिन द्विनाम, म्हणजे प्रत्येक जातीचं दोन शब्दांचं शास्त्रीय नाव. आणि ती सोय करणारेही बाजारात फिरले होते. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने कटला माशाला शास्त्रीय नाव देताना बंगाली कोळ्यांचं ‘कातला’ तसंच ठेवलं, आणि रोहूला ‘रोहिता’ केलं. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हे मासे त्याच नावांनी ओळखले जातात. बंगालच्या नदीकाठचा शब्द जागतिक विज्ञानाला चालतो, मुंबईच्या धक्क्यावरचा मराठी पुस्तकाला चालत नाही, हा न्याय मला पटत नाही.

घडवलेले शब्द रुजतच नाहीत, असंही मी म्हणत नाही. सावरकरांनी सुचवलेले महापौर, दिनांक, हुतात्मा हे शब्द मुंबईत आज कुणाला कृत्रिम वाटत नाहीत. पण ते का टिकले हे पाहिलं पाहिजे. महापौर हा शब्द आला तेव्हा त्या पदाला लोकांच्या तोंडी रुळलेलं जुनं मराठी नाव नव्हतं, आणि आल्यावर तो रोज छापला गेला. शृंगिकेला यातलं एकही नशीब मिळालं नाही. आधीचा शब्द जिवंत होता, आणि नवा शब्द वर्षातून एकदा, परीक्षेच्या आदल्या रात्री, पाठ करण्यापुरता उच्चारला गेला.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा नाही, हिशेबाचा आहे, आणि मुंबईत तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. पुढे सगळं इंग्रजीतच शिकायचं आहे, तर मराठी परिभाषेचा खटाटोप कशाला? सेमी-इंग्रजीच्या वर्गांकडे बघितलं तर पालकांनी हा निकाल कधीच दिला आहे. मी पालकांना दोष देणार नाही. पण त्यांच्यासमोर निवड कशी ठेवली गेली ते बघा. एका हाताला अवघड इंग्रजी, दुसऱ्या हाताला तितकंच अवघड मराठी, ज्याचा पुढे उपयोग नाही. कुणीही शहाणा माणूस पहिलंच निवडेल. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आता मराठीतही देता येते, पण भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी पाठ अंतिम धरला जातो. विद्यार्थ्याला मराठी प्रश्नपत्रिकेतला शब्द कळला नाही की तो शेजारचं इंग्रजी वाचतो. त्याला दोन्ही वाचावे लागत असतील तर मराठीने त्याची सोय केली की काम दुप्पट केलं? मराठी पुस्तक सोपं करणं, म्हणजे मुलाने घरून आणलेल्या शब्दांनी विज्ञान सुरू करणं, हा प्रयोग आपण नीट करूनच पाहिलेला नाही. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद खरा आहे. पण त्या दर्जासाठी भाषेचं प्राचीनत्व सिद्ध करताना जी प्राकृत पुढे केली गेली, तिच्यातूनच नांगी आली, आणि तिलाच पुस्तकात दार बंद आहे.

वर्सोव्याला कोळीवाडा आहे आणि त्याच वर्सोव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. एका ठिकाणी चिंबोरी, शेवंड, माकूळ हाताळणाऱ्या बायकांच्या पिढ्या, दुसऱ्या ठिकाणी त्याच प्राण्यांवर डॉक्टरेट. प्राण्यांच्या परिभाषेची पुढची समिती कुणी नेमणार असेल तर तिची एक बैठक तरी या गावात व्हावी, आणि बैठकीला कोळणींना पाहुण्या म्हणून नको, मानधन देऊन जाणकार म्हणून बोलवावं. शेवंडीपासून सुरुवात करता येईल. इंग्रजी पुस्तकातला लॉबस्टर दोन मोठ्या नांग्यांचा असतो, कारण तो अटलांटिकचा आहे. मुंबईच्या समुद्रातल्या शेवंडीला तसल्या नांग्या नाहीतच. तिचं हत्यार म्हणजे तिच्या काटेरी, अंगापेक्षा लांब मिशा, ज्यांच्या बुडाशी घासून ती करकर आवाजही काढते. लॉबस्टरचं भाषांतर शेवंड असं करून खाली नांग्यांचं वर्णन देणारा लेखक शब्द बरोबर लिहितो आणि प्राणी चुकीचा. ही चूक पकडायला टोपलीपाशी बसलेल्या बाईला दोन मिनिटं लागतील.

शुंडक या शब्दाचं काय करायचं, यावर मात्र माझं मन अजून डळमळीत आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जुहूच्या वाळूत निळ्या फुग्यासारखे प्राणी वाहून येतात, त्यांना आता सगळेच ब्लूबॉटल म्हणतात. त्यांचे लांब निळे धागे पायाला लागले की आग आग होते, आणि धागा प्राण्यापासून तुटून वाळूत पडला असला तरी डंख मारतो. पुस्तकात हे शुंडक. सोंड म्हणावं तर मुलाच्या डोळ्यांपुढे हत्ती येतो आणि घोटाळा वाढतो. मिशी म्हणावं तर ती लोंबत नाही. इथे बोलीने शब्द दिलेला नाही, तेव्हा माझ्याच नियमाप्रमाणे वर्गात शुंडक चालवून घ्यायला हवा. पण किनाऱ्यावर लावायच्या सूचनाफलकावर ‘शुंडकांना स्पर्श करू नये’ असं कुणी लिहू पाहील तर त्याचा हात धरावा. तिथे ‘निळ्या धाग्यांना हात लावू नका, तुटलेल्यांनाही’ एवढं मोठ्या अक्षरांत पुरे.